साळवे सरांचा पाय

समोर राहणाऱ्या साळवे सरांनी पहिल्याच भेटीत मला पाय दाखवला. माजलगावात मी नवीनच भाड्यानं राहायला आलो होतो. आदरानं "जय भीम, सर" म्हणालो, तर या सत्तरीच्या माणसानं फाटक धरलं, एक पाय मागं ताणला, बोटं फाकवली आणि पाय पुन्हा जागेवर ठेवला. चेहरा गंभीर! मी हबकलोच. चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आपण.

सर जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. "लाथ न्हाई हो ती," ते म्हणाले. "केरळकडच्या रानात बोटाएवढा बेडूक हाय. वाहत्या ओढ्यात राहतो. पाण्याचा गोंगाट इतका, की त्याचा आवाज कुणाला ऐकू जावा? मग गडी दगडावर बसून मागचा पाय ताणतो, पंजा फाकवतो. पोचला निरोप!"

"कसला निरोप?"

"बहुतेक वेळा 'माझ्या दगडावरून चालता हो' असाच. ते सोडा. तुमी पाय दाखवा."

मी अर्थातच दाखवला नाही. पण सर दूधवाल्याला, भाजीवालीला, कुणालाच सोडत नसत. "आवाज कशाला? पाय हाय की!" हे वर. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं माझं ठाम मत झालं.

मग एकदा गल्लीत बापूसाहेबांची गाडी थांबली. बापूसाहेब म्हणजे मोठे बागायतदार, तालुक्यात त्यांच्यापुढं कुणी मान वर करत नाही. सरांनी त्यांनाही पाय दाखवला! माझ्या तोंडचं पाणी पळालं. ड्रायव्हर बाह्या सरसावत उतरला.

"कावून हो सर? मालकाला लाथ दाखवायलात?"

"मालक, तुमीबी दाखवा," सर हात जोडून म्हणाले. "त्या खिडकीकडं बघून. लई उपकार होतील."

सरांच्या घराच्या त्या खिडकीशी खाटेवर त्यांच्या पत्नी, शांताकाकू होत्या. लकव्यानं त्यांची वाचा गेली होती, हात गेले होते. एक पाय तेवढा हलत होता.

"सैपाकघरातून मला तिचा पायच दिसतो," सर म्हणाले. "तहान लागली की उचल म्हणलं, तर डोळे मिटून घेती. नवऱ्याला पाय दाखवायचा म्हणजे पाप वाटतं तिला. तशीच तहानलेली पडून राहती हो. गल्लीत समदेच दाखवाय लागले, तर तिची लाज जाईल..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापूसाहेब खाली उतरले, चप्पल काढली आणि गाडीचं दार धरून खिडकीकडं पाय उचलला. ड्रायव्हर बघतच राहिला. मीही उचलला. एका पायावर आम्ही दोघं डुगडुगत होतो.

बराच वेळ काही हललं नाही. मग चादरीतून एक सुकलेलं पाऊल हळूच वर आलं. बोटं जेमतेम फाकली.

"आलो, आलो!" म्हणत सर आत पळाले.