पार्लरमधला यू

घोरपडे सरांच्या मोटारसायकलवर मागे बसायचं म्हणजे पोचण्याची आशा सोडून बसावं लागतं. रस्त्यात इंग्रजी पाटी दिसली की सर ब्रेक मारतात. नेवासा फाट्यावर एका पंक्चरवाल्याने टायरच्या स्पेलिंगमध्ये वायच्या जागी आय घातला होता. सरांनी गाडी स्टँडला लावली, टोपी काढली आणि त्याला समजावलं, की हे अमेरिकेत चालतं, पण याचा अर्थ 'दमणे' असाही होतो.

पंक्चरवाला म्हणाला, "मी बी लई दमलोय, सर. राहू द्या."

सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आमच्या समोरच राहतात. इंग्रजी शब्दांची त्यांनी दोन गटांत वाटणी करून टाकली आहे: हे राणीचं स्पेलिंग, हे डॉलरचं. सेंटरला टी-आर-ई राणीचं, टी-ई-आर डॉलरचं. मग यातलं बरोबर कुठलं, असं विचारलं की सर सुस्कारा सोडतात. "दोन्ही बरोबर आहेत. अवघड तेच आहे." चुकीचं असतं तर खोडता आलं असतं, असं त्यांना म्हणायचं असतं. गल्लीतल्या एका लग्नपत्रिकेत 'प्रोग्राम'च्या शेवटी एम-ई लावायचा की नुसता एम, यावर त्यांनी इतका विचार केला, की नवऱ्या मुलाच्या बापाने तो शब्दच काढून टाकला.

मागच्या वर्षी काकू, सरांच्या पत्नी, गेल्या. मुलगा पुण्यात असतो, सणावाराला येतो. सरांचं ब्रेक मारणं त्यानंतर वाढलं.

त्याच सुमाराला आमच्या शेजारची सुनीता पारनेरहून, सासरहून, मुलीला घेऊन माहेरी आली, ती परत गेली नाही. कोर्स केलेला होताच. पुढच्या खोलीत आरसा लावून तिने ब्युटी पार्लर काढलं. पेंटर आला, इंग्रजीत 'सुनीता ब्युटी पार्ल' एवढं रंगवलं आणि थांबला. पुढे ओ-यू-आर की नुसतं ओ-आर? त्याने ब्रश खाली ठेवला आणि सरांना विचारून यायला सांगितलं. नेवाशात अशी जबाबदारी कुणी अंगावर घेत नाही.

सुनीता समोर गेली. सरांनी तिला बसवलं, चहा केला आणि तिचं गिऱ्हाईक कोण, हे विचारलं. गावातल्या बायका असतील तर राणीचं योग्य. अमेरिकेहून सुट्टीला येणाऱ्या सुना असतील तर डॉलरचा विचार करावा लागेल. घाई नको, उद्या ये, म्हणाले.

ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्याही. सरांनी जाड डिक्शनरी काढली, मग तिच्याहून जाड काढली. पाटी 'पार्ल'वरच अडकली. गल्लीतल्या बायका 'पार्लात जाऊन येते' म्हणू लागल्या. लग्नसराई तोंडावर आली. नव्या गिऱ्हाइकांनी अर्धवट पाटी पाहून पुढे जावं, हे सुनीताच्या आईला बघवेना. पोरीचं पोट आता याच खोलीवर होतं. सरांकडून काय ते एकदाचं वदवून आणायला तिने मला पाठवलं.

मी गेलो तेव्हा सर ओट्याशी उभे होते. ट्रेमध्ये दोन कप मांडलेले, बशीत बिस्किटं. माझ्यासाठी नव्हती, हे उघड होतं.

मी जरा चिडूनच म्हणालो, "सर, घालू का यू? एका अक्षराचा प्रश्न आहे."

सरांनी गॅस बारीक केला.

"यूच घालायचा," ते म्हणाले. "आपल्याकडे यूच चालतो. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ती उठून गेली असती."

मी तसाच बाहेर आलो. सुनीता पार्लरच्या दारातच उभी होती, सरांकडेच निघालेली. यू घालायचा आहे एवढंच तिला सांगावं, बाकीचं पोटात ठेवावं, असं ठरवून मी तोंड उघडलं.

ती म्हणाली, "ते माहितीये दादा. मोबाईलवर त्याच दिवशी बघितलं हुतं. पेंटरलाबी मीच थांब म्हनले."

"अगं, मग रोज जातेस कशाला?"

तिने ओढणी नीट केली. "इकडं आल्यापासून जो भेटंल तो एकच इचारतो, परत कधी जानार. सरांनी एकदाबी इचारलं न्हाई. ते आपले यूचंच बोलत बसत्यात. तेवढाच येळ बरं वाटतं."

लग्नाच्या तिथी काही थांबणार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरने पाटी पुरी केली, यू घालून. सर रस्त्यात उभे राहून पाहत होते. 'झकास' म्हणाले आणि घरात गेले. दुपारभर त्यांचं दार लोटलेलं होतं.

चहाच्या वेळेला सुनीताने गिऱ्हाइकाला जरा बसायला सांगितलं, मुलीचा हात धरला आणि रस्ता ओलांडून दार वाजवलं. त्या दिवशी तिच्याकडे विचारायला काहीच नव्हतं. सरांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं.

"थांबा," ते म्हणाले, "हिच्यासाठी दूध तापवतो."