टॅपेट गेले अकोल्याला

टॅपेट दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवावेत, असं मी एका गुरुवारी दुपारी ठरवलं. शहाण्या माणसांच्या घरात एवढ्याने काहीही बिघडलं नसतं. पण मी राहतो बहारीनमध्ये, उम्म अल हस्समला, जगदीश इंगळे यांच्या फ्लॅटमध्ये, आणि जगदीश इंगळे माझे वडील आहेत. (मला कोणी विचारलं नव्हतं.)

ज्यांना टॅपेट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंगठ्यापेक्षा जरा जाड, पोलादी, चकचकीत नळकांडं. वरून पोकळ, खालून बंद. कॅमशाफ्ट फिरला की ते वर ढकललं जातं, व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन श्वास घेतं. सहा सिलिंडरला बारा लागतात. अकरा चालत नाहीत. अमरावतीला मी तीन वर्षं मेकॅनिकल शिकलो, पण टॅपेट कोणी हातात दिला नाही. सर फळ्यावर त्याची आकृती काढायचे, आम्ही ती वहीत उतरवायचो आणि परीक्षेत पुन्हा काढायचो. सरांनीही ती त्यांच्या सरांच्या फळ्यावरूनच उतरवलेली. मी एकदा विचारलं, "सर, हे फिरताना पाहिलंय का तुम्ही?" वर्गाबाहेर काढलं. मी म्हटलं, बाहेरच काढलंय तर लांब जाऊ, आणि थेट बहारीनला परत आलो.

त्या दिवसापासून आमच्या घरात मी 'प्रबुद्ध' राहिलो नाही. मी 'त्या इंजिनिअरिंगचं काय झालं' झालो.

वडील एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत आणि इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाचे सेक्रेटरी आहेत. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस ते मशीन दुरुस्त करतात आणि सुट्टीच्या शुक्रवारी माणसं. दोन्हीकडे पद्धत एकच, हातोड्याची. त्यांनी मला अल्टिमेटम दिला होता. माझा व्हिसा त्यांच्या नावावर, तो मेअखेर संपणार. तोवर कोणी मला स्वतःच्या नावावर व्हिसा देऊन कामावर ठेवलं तर ठीक, नाहीतर जूनमध्ये विमान, अमरावती आणि तोच फळा.

"मी कोणाच्याही पाया पडणार नाई," वडील म्हणाले.

"मी सांगितलंय का पडायला?"

"तुया बापाचं नाव आहे इथं!"

"मग ते नाव व्हिसावर चालतंय का बघा ना."

आईने वरणाची वाटी मधे सरकवली. आमच्या घरातला युद्धविराम असाच असतो.

माझ्याकडे एकच आशा होती, तिचं नाव नजीब, माझा इथला दोस्त. बुदैया गावात त्याच्या बापाची जुनी वाडी आहे. खजुराची झाडं, भाजीचे वाफे, शेळ्या, आणि शेडमध्ये बावन्न सालचा अमेरिकन पिकअप. सहा सिलिंडर एका रांगेत, सरळ उभे, शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे. नजीबला त्याचा हॉट रॉड करायचा होता. म्हणजे छप्पर कापलेलं, बॉनेट काढून टाकलेलं, इंजिन उघडं आणि मागचे टायर बैलगाडीसारखे. पण पिकअप नजीबच्या आजोबांचा, आणि ते वारल्यापासून बंद. बाप ऊर्फ अबू नजीब यांनी मला इंजिनाशेजारी बसलेलं पाहिलं आणि आपल्या हिंदीत अट घातली:

"तुम इंजन चालू करेगा, हम व्हिसा देगा. इंजन मफी चालू, व्हिसा मफी."

('मफी' म्हणजे नाही.) जगातला पहिला वडीलधारा, ज्याने मला डिग्री विचारली नाही. मी ते इंजिन नट-नट सुटं केलं. ब्लॉक घासला, सिलिंडर आतून गुळगुळीत होन करून घेतले, क्रँक बसवला, पिस्टन बसवले. टॅपेटचा नवा संच नजीबच्या मावसभावाने अमेरिकेहून आणला. अख्ख्या बेटावर दुसरा नव्हता. शेडमध्ये वाळू, आमच्या बाल्कनीत खारी हवा. म्हणून मी टॅपेट घरी आणले, तेल लावलं, एकेक कागदात गुंडाळला, डब्यात भरला, झाकणाला चारही बाजूंनी टेप लावली आणि डबा स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवला. कोरडी, सुरक्षित जागा.

आता गल्फमधल्या मराठी माणसाच्या घरात कोपऱ्यात एक कार्टन असतं, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी समजून घ्यावं. रजेवर कोण जाणार हे माहीत नसलं तरी कार्टन भरत असतं. साबण, टॉर्च, सेंट, बदाम आणि दूध पावडरचे डबे. मग कोणीतरी निघतो आणि सगळे आपापलं वजन त्याच्या डोक्यावर ठेवतात. नाही म्हणायची सोय नसते, कारण मागच्या वर्षी त्याचं सामान तुम्ही नेलेलं असतं. वीस-वीस वर्षं ही माणसं वाळवंटात भाजून निघाली ती कशासाठी? अकोल्याला साबण मिळत नाही म्हणून?

त्या आठवड्यात दाजी निघाले होते. दाजी हे मंडळातले सगळ्यांचे दाजी. कोणाच्या बहिणीचे नवरे ते आता कोणालाच आठवत नाही. पुढच्या शनिवारी मी डबा काढायला गेलो तर फळी रिकामी.

"आई, इथला डबा?"

"कोणता?"

"दूध पावडरचा."

"तो काय, दाजीसोबत पाठवला हेमाताईले. सहा मागितले होते तिनं, पाचच होते."

हेमाआत्या म्हणजे वडिलांची बहीण. अकोला.

"आई, त्यात टॅपेट होते!"

"माह्या डोळ्यानं टेप पाहिली मी. सीलबंद होता."

"ती टेप मी लावली होती! तो केवढा जड होता, तुला कळलं नाही?"

"जड म्हणजे गच्च भरेल आहे म्हटलं. चांगला माल आहे."

श्रावस्ती, माझी बहीण, टीव्हीसमोरून म्हणाली, "ममा, यू एक्सपोर्टेड हिज इंजिन." आणि हसली. घरात तिला सगळं माफ आहे, कारण ती शाळेत पहिली येते.

घरच्या फोनवरून भारतात फोन लागत नसे, म्हणून मी फोनकार्ड घेऊन बूथकडे पळालो. आत्याचा आवाज आनंदाने फुटत होता.

"प्रबुद्धा! काय सुंदर वस्तू पाठवल्या रे जगदीशनं! डब्यात लपवून, कस्टमवाल्याले दिसू नाई म्हणून. हुशार आहे माहा भाऊ!"

"आत्या, त्या वस्तू..."

"मेणबत्ती कशी फिट्ट बसते त्याच्यात! हालत नाई, डुलत नाई. पाच विहारात देल्ल्या, बाकी सगळ्यायले एकएक वाटली. फॉरेनचं मेणबत्ती स्टँड म्हणून आख्खी गल्ली पाहून गेली."

मी सरळ सांगितलं. (मी नेहमी सरळ सांगतो. म्हणूनच माझं हे असं आहे.) म्हटलं, आत्या, ते मेणबत्ती स्टँड नाहीत, इंजिनचे पार्ट आहेत, परत पाठव.

मग आत्याचा आवाज थंड झाला. "म्हंजे सख्ख्या बहिणीले त्यानं गॅरेजचं भंगार पाठवलं?"

"भंगार नाही, नवे..."

"अन् आता देल्लेलं वापस मांगते? ठेव फोन."

मी घरी पोचायच्या आत अकोल्याहून फोन आला होता. वडील सोफ्यावर ताठ बसलेले.

"माह्या बहिणीले तू भंगार पाठवलं म्हणते ती."

"मी पाठवलं? बाबा, आईने पाठवलं. आणि ते भंगार नाही, माझा व्हिसा आहे तो! बारा तुकड्यांत!"

"ते काही असो. देल्लेलं वापस मांगणार नाई. इंगळे खानदानात कोणी मांगलं नाई."

"म्हणजे मी अमरावतीला जायचं?"

"शिकाले जायचं म्हणतो मी. फाशी जायचं म्हटलं काय?"

तेव्हा मला लख्ख दिसलं. यांच्या दृष्टीने हे बरंच झालं होतं. टॅपेट अकोल्याला, इंजिन मफी, व्हिसा मफी, पोरगा फळ्यासमोर. बहिणीची गल्लीत इज्जत आणि मंडळात यांची. माझ्या पिढीच्या डोक्यावर मेणबत्ती लावून यांचा उजेड पडणार.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, तुम्ही स्वतःला टेक्निकल माणूस म्हणवता आणि टॅपेट आणि मेणबत्ती यांत तुमच्या घरात कोणाला फरक कळत नाही, असा आशय होता. वडील उठून बेडरूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. दार लावायची पद्धतसुद्धा सेक्रेटरीची. आदळलं नाही, ठामपणे बंद केलं.

चौथ्या दिवशी आईने मला मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, चल म्हटलं आणि एका दुकानातून पितळेचे बारा मेणबत्ती स्टँड निवडले. दुकानदार उस्मान केरळचा, आईला चेची म्हणजे ताई म्हणणारा.

"किधर का है ये?" आईने विचारलं.

"एक नंबर, चेची. मुरादाबाद का."

आई जागेवरच उभी राहून नखाने एकेक 'मेड इन इंडिया'चं स्टिकर खरवडू लागली. मग बूथवर येऊन तिने आत्याला फोन लावला, आणि मी जन्मात ऐकलं नव्हतं इतक्या गोड आवाजात म्हणाली, "ताई, पोट्ट्याचं काय मनावर घेता? ते सँपल होते हो. खरे पितळेचे आता आले. मंडळातले विवेकभाऊ निघाले, त्यायच्यासोबत पाठवतो. ते सँपल तेवढे दाजीजवळ देजा, दुकानवाला मांगून राहिला."

इतकं धडधडीत खोटं! वर 'दुकानवाला'! लहानपणी मी एक चॉकलेट लपवलं तर या बाईने मला पंचशील म्हणायला लावलं होतं.

आत्या कबूल झाली, पण एका अटीवर. पौर्णिमा झाल्याशिवाय विहारातून एकही स्टँड हलणार नाही. बुद्धपौर्णिमा बावीस मेला. दाजींचं विमान त्यानंतर. व्हिसा मेअखेर. मी रोज शेडमध्ये जाऊन टॅपेट सोडून बाकी सगळं पुन्हा पुन्हा घट्ट करत होतो. नजीब रोज विचारायचा, "सदीक, दोस्त, टॅपेट किधर?" मी सांगायचो, "पूजा में है." तो मान हलवायचा. देवाच्या कामात बोलू नये, एवढं त्याला त्याच्या बापाने शिकवलेलं.

दाजी आले. विमानतळावर मी त्यांच्या आधी त्यांची बॅग पकडली. बाराच्या बारा! प्रत्येकात बोटभर मेण, दोघांना हळदकुंकू, एकाला लोकरीचं विणलेलं कव्हर. आईच्या पुलावाच्या पातेल्यात मी ते उकळले. दोन दिवस घरातल्या भाताला विहाराचा वास येत होता.

शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी मी टॅपेट बसवले, पुशरॉड घातले, व्हॉल्व्हची गॅप लावली. शेडच्या दारात अबू नजीब खुर्ची टाकून बसले. नजीबने स्टार्टर दाबला. एकदा खोकलं. दुसऱ्यांदा मागून धूर सोडला, शेळ्या पळाल्या. तिसऱ्यांदा सहाही सिलिंडर एका सुरात बोलायला लागले, इतकं सरळ, इतकं खोल, की माझ्या छातीत पोचलं. कसला फळा अन् कसली आकृती! ते फिरत होतं. अबू नजीब खुर्चीतून उठले, इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "खलास. तुमको व्हिसा."

घरी येऊन मी पासपोर्ट मागितला. वडिलांनी कपाटातून काढून दिला. "अभिनंदन" म्हणाले नाहीत, पण हातोडाही मारला नाही. मी ठरवून टाकलं की आपण जिंकलो.

जूनमध्ये रेसिडेंट कार्ड आलं. जेवताना मी ते टेबलावर असं टाकलं, जसा कोणी एक्का टाकतो. वडिलांनी चष्मा लावला. पुढची बाजू बघितली, मागची बघितली. त्यांच्या मिश्या हलल्या.

"श्रावस्ती, वाच बरं हे, प्रोफेशनसमोर काय आहे?"

श्रावस्तीने वाचलं. "फार्म लेबरर."

मी कार्ड हिसकावलं. होतं तसंच. अबू नजीब यांच्याकडे गॅरेज कुठे होतं? वाडी होती. त्यांच्या नावावर व्हिसा होता तो वाडीचा, आणि तो त्यांनी शब्दाला जागून मला दिला होता.

"डॅड," श्रावस्तीने विचारलं, "फार्म लेबररला मराठीत काय म्हणतात?"

"सालदार," वडील म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "माहा आजा पाटलाच्या घरी सालदार होता. माह्या बापानं ते सोडलं, शिकला, मले शिकवलं. मी समुद्र ओलांडला." मग कार्ड उलटं करून तारीख बघितली आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून मनापासून हसले. "पण आजाचा करार एकाच वर्षाचा राहे. तुहा तर दोन वर्षांचा आहे. खानदानाची प्रगतीच म्हणा लागंन."

मी ताटावरून उठलो. आई म्हणाली, "बस, जेवून घे पोटभर. सकाळी शेळ्या सोडा लागतीन ना."