लाभार्थी घरीच भेटतील

चारुदत्त कर्णिकांनी तो मेसेज पाठवला तेव्हा त्यांचा एक पाय रिक्षात होता आणि दुसरा अजून पनवेलच्या रस्त्यावर. माणसाने दोन्ही पाय आत घ्यावेत, नीट टेकून बसावं आणि मग काय ते लिहावं. पण कर्णिक घाईत होते. त्यांनी लिहिलं, 'यायला थोडा उशीर होईल. लाभार्थी घरीच भेटतील. मोकळेपणाने बोला.' आणि फोन खिशात टाकून ते रिक्षावाल्याला म्हणाले, "चला, कोळीवाडा. खाडीकडचा."

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर कर्णिकांनी 'सोबत' नावाची संस्था काढली होती. काम साधं होतं. घरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, त्यांच्याजवळ बसायचं, त्यांचं ऐकायचं, लागलं तर दवाखान्यात न्यायचं. बेलपाड्यापासून आपट्यापर्यंत त्यांचे स्वयंसेवक फिरत, आणि सगळ्यात जास्त फिरत ते स्वतः कर्णिक. काम खरं होतं, यात शंका नाही. मागच्या वर्षी मोतीबिंदूचं शिबिर घेतलं तेव्हा शुद्धीवर असलेल्या प्रत्येक पेशंटचा हात त्यांनी धरला होता. (बेशुद्ध कोणीच नव्हतं. मोतीबिंदूला भूल डोळ्यापुरतीच देतात. त्यामुळे हात बरेच धरावे लागले.)

आता राज्यभरातल्या छोट्या संस्थांना एकत्र आणणारा एक महासंघ रायगड जिल्ह्यातली एक संस्था निवडणार होता. त्या संस्थेने बाकीच्या जिल्ह्यांना शिकवायचं. महासंघाची माणसं पुण्याहून त्या दिवशी सकाळी येणार होती, आणि त्यांना एखाद्या लाभार्थ्याशी बोलायचं होतं. कर्णिकांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला. बुधाजी. वय झालेलं, बायको गेलेली, ओटीवर एकटाच बसलेला, समुद्राच्या गोष्टी सांगायला लागला की समोरच्याने चहा विसरावा असा. पण कोळीवाड्याचा रस्ता खणून ठेवलेला. पाहुण्यांना तिथे नेण्यापेक्षा बुधाजींनाच रिक्षात घालून घरी आणावं, असा विचार करून कर्णिक निघाले होते. 'लाभार्थी घरीच भेटतील' याचा अर्थ एवढाच होता. पण पाहुण्यांना त्यांनी नुसता पत्ता कळवला होता; घर कोणाचं, ते लिहायचं राहिलं होतं.

कोळीवाड्यात रिक्षा शिरली तेव्हा बुधाजींच्या दारात मांडव होता. मांडवाखाली निम्मा गाव बसला होता. स्पीकर एवढा मोठा लावला होता की रिक्षाच्या काचेला कंप सुटला. बुधाजी नवा सदरा घालून मधोमध उभे होते आणि एका वेळी चार माणसांवर ओरडत होते.

"कर्णिकसायब! आलात? बरा झाला! हितेशची हळद हाय ना आज. नातवाची. तुमाला पत्रिका दिलेली."

पत्रिका दिली होती. कर्णिकांनी ती कौतुकाने घेऊन कुठेतरी ठेवली होती.

"बुधाजी, ते पुण्याचे पाहुणे आलेत. तुम्हाला अर्धा तास माझ्या घरी..."

"आज? आज मी नाय येनार. घर भरलाय."

"पण मी तर त्यांना सांगितलंय, की तुम्ही एकटेच असता..."

बुधाजींनी स्पीकरवाल्याला हाताने गप्प केलं. "मी एकटा? सायब, रोज सांच्याला आमी सगले जेट्टीवर असतो. तुमी यायच्या दिवशी मी घरी थांबतो. पोरांना पन सांगतो, तिकडं जा, सायब येनारेत."

"का पण?"

बुधाजी जरा अवघडले. माणूस मनाने हळवा. "तुमी एवढ्या लांबून येता, एवढं बोलता. मना वाटला, तुमाला घरी बोलाया कोन नाय."

तेवढ्यात बुधाजींच्या सुनेने, निशाने, मागून येऊन त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली. मांडवात हशा झाला. कर्णिक हसले नाहीत. ते रिक्षात बसले. या वेळी दोन्ही पाय नीट आत घेऊन.

इकडे घरी बेल वाजली होती. कर्णिकांच्या बायकोने, नीताकाकूंनी, दार उघडलं. दारात एक मुलगी आणि एक मुलगा. अनुष्का आणि विश्वजीत. नीताकाकूंना वाटलं, 'सोबत'चे नवे स्वयंसेवक असतील. असे बरेच येत. चहा घेत, 'सर नाहीत का?' विचारत आणि जात.

"सर नाहीत," त्या आपणहून म्हणाल्या.

"माहितीये काकू. त्यांचा मेसेज आला होता. आम्ही तुमच्याशीच बोलायला आलोय."

"माझ्याशी?" नीताकाकू दारातून बाजूला झाल्या, त्या जरा उशिराच.

टेबलावर मोड आलेले वाल पाण्यात होते. बिरडं सोलायचं चाललं होतं. अनुष्का समोर बसली आणि न विचारता सोलू लागली. (पोरगी चांगली होती. महासंघ वगैरे नंतर.) विश्वजीत खुर्चीच्या कडेला टेकून राहिला.

"काकू, दिवसभर एकट्याच असता?"

"हो, एकटीच की."

"घरात आणखी कोणी?"

"आहेत एक. जेवायला येतात."

"मुलं?"

"प्रांजल बंगळुरूला असते. रविवारी फोन करते. तिलाही कामं असतात गं."

"आणि असं निवांत बसून तुमच्याशी शेवटचं कोण बोललं?"

नीताकाकू विचारात पडल्या. प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर शोधावं लागलं. "मागे गॅसची नळी तपासायला एक जण आला होता. चांगला बोलला. त्याच्या बायकोचं डोहाळजेवण होतं म्हणे. मी त्याला बर्फी कशी करायची ते सांगितलं."

विश्वजीत खिडकीबाहेर बघू लागला. अनुष्काच्या लक्षात आलं, की काकूंनी सोललेल्या वालांतल्या कितीतरी दाण्यांना साल तशीच आहे. तिने ते दाणे हळूच बाजूला घेतले. काकूंना ते दिसलं नाही. समोर, हातभर अंतरावर, दिसलं नाही.

"काकू, डोळ्यांना त्रास आहे?"

"उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. डाव्यानं भागतं. ऑपरेशन ठरलंय बुधवारी."

"कोण येणार बरोबर?"

"रिक्षाने जाईन. जवळच आहे."

"त्या जेवायला येणाऱ्यांना सांगितलं नाही?"

"दोनदा सांगायला गेले. एकदा त्यांचा फोन आला, एकदा ते कोणाला तरी आयुष्मान कार्डासाठी घेऊन निघाले होते. मग म्हटलं, जाऊ दे. त्यांची माणसं खरंच अडचणीतली असतात. मला काय, घर आहे, पंखा आहे."

आवाजात तक्रार नव्हती. पाऊस थांबलाय, म्हणावं तशा त्या बोलल्या. पण अनुष्काला राहवेना. तिने हात पुसले.

"काकू, त्यांचा नंबर द्या मला. मी बोलते त्यांच्याशी. असं कसं चालेल?"

"कशाला गं उगाच?"

"द्या तुम्ही."

नीताकाकूंनी नंबर सांगितला. नवऱ्याचा नंबर पाठ असणारी ही बहुधा शेवटची पिढी. अनुष्काने आकडे दाबले, आणि शेवटचा आकडा दाबताच फोनने आपण होऊन नाव दाखवलं, 'कर्णिक सर, सोबत, पनवेल.' ती ते नाव बघत राहिली. पण बोट पुढे गेलेलं होतं.

रिंग जाळीच्या दाराबाहेर वाजली.

कर्णिकांच्या फोनची रिंग मोठी होती. म्हाताऱ्या माणसांचे फोन येतात, एकही चुकायला नको, म्हणून त्यांनी ती मुद्दाम मोठी ठेवली होती. आता ती थांबेचना. आत गॅसवाल्याची गोष्ट चालली होती तेव्हापासून ते दाराबाहेर उभे होते. आत जावं असं वाटलं होतं, पण पाय उचलला नाही. शिबिरात त्यांनी कोणाकोणाचे हात धरले होते, ते सगळे त्यांना आठवत होते. आणि सकाळी नीताने चहाचा कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवला म्हणून आपण तिच्यावर चिडलो होतो, हेही.

ते आत आले. दोन्ही गाल पिवळे.

कोणी हसलं नाही. अनुष्काने फोन बंद केला. विश्वजीत उभा राहिला, आणि उभं का राहिलो हे न कळून परत बसला.

नीताकाकूंना आता सगळा उलगडा झाला. त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई, तुम्ही ते पुण्याचे? मला वाटलं... अहो, मी काहीतरीच बोलत बसले. तुम्ही मनावर घेऊ नका हं. ते काम फार चांगलं करतात. पाऊसपाण्यातसुद्धा जातात. तो बुधाजी म्हणून एक आहे, अगदी एकटा, त्याला तर..."

"नीता," कर्णिक म्हणाले. "बुधाजीकडे निम्मा गाव जमलाय. तो एकटा नाहीये." मग ते अनुष्काकडे वळले. "हिने सांगितलं ते खरं आहे. सगळं. तसंच कळवा."

मग नीताकाकू म्हणाल्या, "तोंड धुवून या आधी." आणि चहा टाकायला उठल्या. टेबलाचा कोपरा त्यांच्या कमरेला लागणार होता. कर्णिकांनी हात मध्ये घातला.

बुधवारी रिक्षात दोघं होते. शिबिरात चाललं होतं, पण इथे ऑपरेशनच्या टेबलापर्यंत कर्णिकांना जाऊ दिलं नाही, म्हणून ते बाहेर बाकावर बसले. इतकी वर्षं ते इतरांच्या नातेवाइकांना याच बाकावर बसून धीर देत होते. 'साधं ऑपरेशन आहे, काळजी कसली?' आज शेजारच्या माणसाने त्यांना हेच वाक्य ऐकवलं, तेव्हा त्यांना त्याचा राग आला. आत नीताने डॉक्टरांना विचारलं, "बाहेर कोणी आहे का?" डॉक्टर म्हणाले, "आहेत ना. सारखे दारातून डोकावतायत, पट्टी तुम्हाला बांधू की त्यांना, कळत नाहीये."

महासंघाने रायगडमधून दुसरी संस्था निवडली. पण त्यांच्या प्रशिक्षणात एक नवा नियम आला. कामाला सुरुवात करण्याआधी प्रत्येक स्वयंसेवकाने पहिली भेट स्वतःच्या घरी द्यायची. जिल्ह्याजिल्ह्यांत तो 'पनवेलचा अनुभव' म्हणून सांगतात. नाव घेत नाहीत. (अनुष्काचा तेवढा मोठेपणा.)

कर्णिकांनी कामाची वाटणी केली आणि बरेचसे दिवस ते घरी राहू लागले. नीताच्या डोळ्यांत थेंब घालायचे, पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे, मधूनमधून 'तुला काय वाटतं?' असं विचारायचे. तिने काय वाटतं ते सांगायला सुरुवात केली की आपल्याला काय वाटतं ते सांगायचे. सवय होती.

पट्टी सुटून महिना झाल्यावर अनुष्काचा फोन आला. नीताकाकूंनी स्पीकर लावला. कर्णिक शेजारीच होते, आणि का कोण जाणे, सरळ होऊन बसले.

"काकू, दिसतंय ना स्वच्छ?"

"लख्ख. भिंतीला रंग द्यायला झालाय, तेसुद्धा दिसतंय."

"आणि आमचा स्वयंसेवक? वेळेवर असतो ना? बोलतो ना तुमच्याशी?"

"असतो गं. बोलतोही." नीताकाकू जरा थांबल्या. "माणूस मनाने चांगला आहे. मला एवढंच विचारायचंय, आठवड्यातून दोन-तीन दिवस त्याला कुठे लांबच्या गावी पाठवता येईल का?"