तोंडातल्या टाचण्या

शिस्त ही मानवी संस्कृतीची जननी आहे, आणि जननी म्हटलं की तिच्या हातचा मार हा मार धरायचा नसतो. तुरुंगातली शिस्तभंगाची कारवाई याच उदात्त पायावर उभी आहे. ती खटला नाही, त्यामुळे वकील लागत नाही. ती शिक्षाही नाही, त्यामुळे अपील करता येत नाही. (करायचीच हौस असेल तर ज्यांनी निर्णय दिला त्यांच्याकडेच करावं, त्यांना प्रकरण आधीच ठाऊक असतं, वेळ वाचतो.)

हा कायद्यातला बारकावा शिवणखात्यातल्या शिंप्याला कळला तो अधीक्षकसाहेबांच्या पँटीपायी. साहेबांची नवी पँट कमरेला तंग होत होती. हा कैदी शिंपी गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून कमरेचं माप सैल करत होता. तेवढ्यात साहेबांनी स्वतःच्या पोटावर एक विनोद केला. उपअधीक्षक हसले, शिपाई हसले, व्हरांड्यातला पहारेकरी तर काही ऐकू न येताच हसला (त्याची बढती जवळ आली होती). शिंपी तेवढा हसला नाही. हसला असता तर टाचण्या पोटात गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आरोप आला: वरिष्ठांच्या विनोदाची अवज्ञा.

सुनावणी अगदी आदर्श झाली. तक्रारदार साहेब, साक्षीदार साहेब आणि निवाडा करणारेही साहेबच, त्यामुळे एका खुर्चीत भागलं. (बाहेरच्या न्यायालयांत या तिघांची गाठ पडेपर्यंत माणूस म्हातारा होतो.) विनोद मुळात विनोद होता का, हा प्रश्न कुणी काढला नाही. तो पुराव्याचा नसून सुरक्षेचा विषय होता.

शिंप्याने आपलं खरं ते सांगितलं. "साहेब, तोंडात टाचण्या होत्या."

इथं बिचाऱ्याचं चुकलंच.

"म्हणजे टोकदार वस्तू तोंडात लपवल्या होत्या," साहेब म्हणाले, आणि एका आरोपाचे दोन झाले. बचाव हाच कबुलीजबाब ठरल्यामुळे सगळं कामकाज चहा यायच्या आत आटोपलं.

निर्णय मोठा दयाळू होता: या खेपेची भेट बंद. शिंप्याच्या लेकीचे पुढचे दोन दात पडले होते, आणि ते खिंडार बाबांना दाखवल्याशिवाय नवे दात येऊच द्यायचे नाहीत, असा तिचा निरोप होता. दातांना मात्र कुणी असा निरोप धाडला नव्हता. तो हात जोडून म्हणाला, हवी ती शिक्षा द्या, पण भेट राहू द्या. साहेबांनी प्रेमाने समजावलं की शिक्षा द्यायला खटला चालवावा लागतो, आणि इतकं कठोर आपल्याला होववत नाही. भेट ही सवलत आहे. सवलत काढून घेतली म्हणजे काही शिक्षा केली असं होत नाही.

भेटीच्या दिवशी पोरगी आजीचं बोट धरून फाटकापाशी आली. तिथल्या पहारेकऱ्याने तिला सांगितलं की बाबांना कसलीही शिक्षा झालेली नाही.

"मग सोडा ना काका आत," ती म्हणाली.

कायद्याच्या या मुद्द्यावर पहारेकऱ्याने फाटकाची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं. पोरीने मग त्यालाच तोंड वासून दाखवलं. त्याने ते दात, म्हणजे नसलेले दात, शासनाच्या वतीने पाहून घेतले आणि आजीला परतीचा रस्ता दाखवला.

पुढच्या भेटीला ती आली तेव्हा दोन्ही दात अर्धे वर आले होते. शिंपी आता पुष्कळ सुधारला आहे. साहेब दारात दिसले की तो टाचण्या बाजूला ठेवतो आणि विनोदाच्या आधीच हसायला लागतो. पँट अजून तंगच आहे.

हो, तो विनोद सांगायचा राहिलाच. साहेब म्हणाले होते, "एवढ्या लोकांना आत ठेवलं मी, हे पोट तेवढं आत राहत नाही."

हसला नाहीत? असू दे. जरा तोंड उघडा पाहू.