परराज्यातली तीन जेवणं

फेब्रुवारीत आलेल्या त्या पत्राला वेंडेल कोवाल्चिकने उत्तर दिलं नव्हतं. पत्र पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी विद्यापीठाचं होतं आणि त्यात एवढंच विचारलं होतं : आपली मुलगी टेसी हिच्या अर्जात आपण याच राज्यात राहता असं म्हटलं आहे, मात्र विद्यापीठ पाहायला आलात, तेव्हा वहीत ओहायो लिहून सही केलीत. तरी आपण नक्की कुठले? कराच्या पावतीची प्रत आणि घरातल्या सर्व गाड्यांच्या नोंदणीचे कागद जोडून तीस दिवसांत कळवावे.

प्रश्न तसा सोपा होता. वेंडेलचा जन्म, शाळा, लग्न, पाठदुखी, सगळं एकाच गावातलं, ओहायोच्या हद्दीपासून सात मैल अलीकडचं. पण त्याच्या ट्रकची नंबरप्लेट ओहायोची होती. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी गाडीची तपासणी होते, आणि या ट्रकच्या गंजलेल्या तळातून चालवताना खालचा रस्ता दिसायचा. त्याची बहीण लोरेटा ओहायोत जिथे राहायची, तिथे तपासणीची भानगड नव्हती. म्हणून गेली नऊ वर्षं ट्रक कागदोपत्री लोरेटाच्या अंगणात उभा होता.

विद्यापीठ पाहायला गेले, त्या दिवशी दारातल्या मुलीने सांगितलं, की परराज्यातून आलेल्यांना जेवण फुकट आहे. वेंडेलने आपल्या नंबरप्लेटकडे एकदा पाहिलं आणि पेन उचललं. तीन जेवणं मिळाली. मला यात त्याचा पुरता दोष दिसत नाही. कदाचित माझी नजरच अधू असेल.

उत्तर द्यायचं, तर ट्रकचं लेखी कबूल करावं लागणार. वेंडेलने पत्र मासेमारीच्या गळांच्या डब्याखाली ठेवलं आणि ते तिथे आपोआप विरघळेल याची वाट पाहिली.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी चर्चमधली तळलेली मासळी आणि बटाटा भरलेल्या पिरोगी खाऊन तिघं घरी आली, तर टपालपेटीत दोन जाड पाकिटं. कुठलं कॉलेज किती मदत देतं, ते त्यांत होतं. वेंडेलच्या बायकोने, रोझॲनने, चष्मा लावला.

"तेहेतीस हजार? त्यातून मदत म्हणून दोन वजा, म्हणजे एकतीस? अरे, आपल्या राज्यातल्या मुलांना अठराच असतात ना?"

"वर वाच ना आई. 'परराज्यातील विद्यार्थिनी.' बाबा, मी परराज्यातली कधी झाले?"

वेंडेलने घाईघाईने दुसरं पाकीट पुढे सरकवलं. "ते सोड गं. हे ओहायोवाले बघ! चौदा हजारांची शिष्यवृत्ती! चौदा! कुठे दोन आणि कुठे चौदा!"

"त्यांची फी सेहेचाळीस आहे बाबा. चौदा गेले तरी बत्तीस उरतात."

"पण सूट बघ ना!"

"तळघरात मोहरीच्या सॉसच्या चाळीस बाटल्या तू सूट बघूनच आणल्यास," रोझॲन म्हणाली. "अजून तिसरीच संपायचीय."

टेसीला पूल बांधायला शिकायचं होतं. वर्षाला अठरा हजार म्हणजे आईची जादा पाळी, टेसीची उन्हाळ्यातली नोकरी आणि थोडं कर्ज असं कसंबसं जुळत होतं. एकतीस कशानेच जुळत नव्हते. आणि कॉलेज निवडायची शेवटची तारीख होती एक मे.

सोमवारी सकाळी वेंडेलच्या डोक्यात कल्पना आली. आपल्याला ओहायोचे समजतात ना? मग ओहायोचेच होऊ, तिथली तरी फी कमी होईल! त्याने तिथल्या कॉलेजला फोन लावला.

"आम्ही ओहायोचेच हो. ट्रकची नोंदणीही तिकडचीच."

"छान," पलीकडची बाई म्हणाली. "कर कुठे भरता?"

"कर... पेनसिल्व्हेनियात."

"मतदान?"

"तिथेच. पण मी मत दिलेला माणूस कधी निवडून येत नाही, ते काही धरायला नको."

"मुलीची शाळा कुठली?"

"बाई, तुम्ही ट्रकचं विचारा ना. ट्रकचं मी लगेच सांगतो."

"ट्रकला प्रवेश हवा असेल, तर जरूर विचारते."

मग त्याने पेनसिल्व्हेनियाला फोन लावला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "आम्ही पत्र पाठवलंय, मिस्टर कोवाल्चिक. त्याची मुदत गेली, तरी या एकोणतीस तारखेपर्यंत कागद आले, तर फी बदलू. नाहीतर मुलगी परराज्यातलीच धरणार."

म्हणजे ओहायोत तो पेनसिल्व्हेनियाचा आणि पेनसिल्व्हेनियात ओहायोचा. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. आणि ते धुपाटणं हातात धरून तो वळला, तर दारात टेसी उभी.

"कसलं पत्र, बाबा?"

त्याने गळांचा डबा उचलला. तिने पत्र वाचलं, तारीख पाहिली.

"हे तुम्ही तेव्हाच वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"मग?"

"जेवणं फुकट होती गं," वेंडेल म्हणाला. आपल्याच कानांना ते कसं वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मी अर्धं सँडविच टाकून दिलं होतं," टेसी म्हणाली आणि वर निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं, तर बरं वाटलं असतं त्याला.

दुपारी तो ट्रक घेऊन बर्डेटच्या गॅरेजात गेला. ट्रकची नोंदणी इकडे आणायची, तर तपासणीत पास होणं भाग होतं. बर्डेटने खाली वाकून स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"याला पास करायचं, तर आधी ट्रक आण," बर्डेट म्हणाला. "हा नुसता रंग आहे."

वेंडेलने बॉनेटवर एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "भंगारवाल्याला फोन कर."

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, की मी इथलाच. ओहायो लिहिलं ते खोटं. ट्रक होता, आता नाही. यात मुलीचा काहीच अपराध नाही. तीन जेवणांचा चेकही त्याने आत घातला. कराची पावती, रोझॲनच्या मोटारीची नोंदणी आणि भंगारवाल्याची चिठ्ठी जोडली.

दुसऱ्या दिवशी रोझॲनने मोटार काढली. टेसी मागे बसली होती, अजून फारसं बोलत नव्हती. पोस्टात खिडकीपलीकडे ओपलबाई होत्या.

"साध्या तिकिटात परवा पोचेल, वेंडेल. भरपूर वेळ आहे."

"सगळ्यात महागडं कुठलं?"

ओपलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "उद्या पोचायची हमी, वर पोचल्याची सही. एकतीस डॉलर. राज्यातल्या राज्यात कुणी घेत नाही रे ते."

"तेच द्या," वेंडेल म्हणाला आणि नोटा सरकवल्या. सूट आहे का, ते विचारलं नाही.

रोझॲन नवऱ्याकडे अशी पाहत राहिली, जणू हा माणूस खरोखरच परराज्यातला असावा. मागून टेसीने पुढे येऊन पाकीट उचललं, पत्ता एकदा तपासला आणि स्वतःच्या हाताने ओपलबाईंकडे दिलं. ओपलबाईंनी त्यावर दणकन शिक्का मारला.