शेखमामांची लूप लाइन

कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरवरून हेडफोनवर घ्यायला माणसाला कितीसा वेळ लागतो? आमच्या शेजारच्या शेखमामांना चार मिनिटं लागतात. आधी ते खुर्चीतून उठतात, पँट वर ओढतात, डावा हात आडवा धरतात आणि मधल्या भिंतीकडं तोंड करून ओरडतात, "सांधा बदलतोय! मेन लाइन बंद, लूप लाइन चालू!"

मग मी कणीक मळत असले तरी इकडून तेच शब्द परत म्हणायचे. नाही म्हटले तर मामा माउसला हात लावत नाहीत. हात आडवा धरून तसेच उभे!

शेखमामा दौंड जंक्शनात सांधेवाले होते. गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायचं काम. "येकदाबी डबा खाली उतरला न्हाई," हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवणारच. इंजिनांच्या शिट्ट्यांनी डावा कान गेला, उजव्यामागं मशीन आहे, पण रुबाब तोच. लेक मुमताज लग्न होऊन मस्कतला गेली, जाताना आपला कॉम्प्युटर बापाला देऊन गेली. त्यात मामांनी नवं जंक्शन उघडलं. स्पीकर म्हणजे मेन लाइन, हेडफोन म्हणजे लूप. सकाळी अकराला मुमताजचा व्हिडिओ कॉल मेनवर, दुपारी माझी आई झोपली की क्रिकेटची मॅच लूपवर. आवाज बदलला की माउसवर स्टीलची वाटी पालथी घालायची. "हलला म्हंजी अपघात."

"मामा, आवाज चुकीच्या जागी वाजला तर कोण मरतंय?"

"माणूस मरत न्हाई. सवय मरती."

कप्पाळ माझं!

मग मला काम लागलं. अर्धांगवायूनं आई अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून मला बाहेर पडता येत नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीनं घरी बसून फोनवर फ्रिजच्या तक्रारी घ्यायचं काम दिलं. तीन महिने परीक्षा. फोनमागं घरातला आवाज आला तर एकदा ताकीद, दुसऱ्यांदा नारळ. मी मामांना सांगितलं, आता मुमताजचा फोनही हेडफोनवर घ्या. "व्हय, त्यात काय," म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात अकरा वाजता भिंतीपलीकडून आरोळी आली, "सांधा बदलतोय!" मी फोनवर. उत्तर देणार कशी? आणि उलट उत्तर आलं नाही म्हटल्यावर मामांनी नियमाप्रमाणं सांधा हलवला नाही! मुमताजचा आवाज मेन लाइनीवरून धडाडत आला, "अब्बा, गोली खाये क्या? पेट साफ हुआ क्या?"

फोनवरच्या नागपूरच्या बाई म्हणाल्या, "अहो, फ्रिज बिघडलाय माझा. पोट ठीक आहे."

संध्याकाळी ताकीद आली. मी तणतणत मामांच्या दारात गेले. नको नको ते बोलले. "तुमच्या त्या सांध्यापायी माझी नोकरी जाईल मामा! आईच्या औषधांचं काय करू मी?"

मामा उठले. मग स्पीकरची वायर काढून गुंडाळली, खुंटीला टांगली. "आजपासनं कायम लूप."

त्यानंतर पलीकडून चकार शब्द नाही. मी मनात म्हटलं, चला, म्हातारा शिकला एकदाचा. देवा, काय ती माझी अक्कल!

तीन महिने झाले, नोकरी पक्की झाली. सुट्टीच्या दिवशी शिरा केला आणि ताटली घेऊन मामांकडं गेले. अकराचा सुमार. दार उघडंच. स्क्रीनवर मुमताज हातवारे करत काहीतरी सांगत होती. मामा हेडफोन घालून हळूच म्हणत होते, "हां बेटा... हां." ती थांबली की हे "हां". ती हसली की हे हसत.

आणि टेबलावर बशीत मामांचं कानाचं मशीन पडलेलं.

मी बशीकडं बोट दाखवलं. मामा चोरी पकडल्यासारखे ओशाळले. हेडफोन काढून त्यांनी मशीन कानाला लावलं.

"ह्ये वरनं चढवलं की मशीन शिट्टी मारतं. म्हून काढून ठिवतो."

"मग ऐकू काय येतं?"

"तोंड दिसतंय की पोरीचं."

"मामा, तीन महिने?"

"तुझी नोकरी हुती, सुमन. येकदा चुकलो. त्यानंतर डबा खाली उतरला का?"

मला रडूच फुटलं. ताटली ठेवली, खुंटीवरची वायर काढून जोडली, माउसवरची वाटी उचलली. डावा हात आडवा धरला आणि ओरडले, "सांधा बदलतेय! लूप लाइन बंद, मेन लाइन चालू!"

मामा उठून उभे राहिले. पँट वर ओढली. "लूप लाइन बंद," म्हणाले, "मेन लाइन चालू."

मी क्लिक केलं.

"अब्बा? अब्बा, आवाज आरा क्या?" सगळ्या चाळीला ऐकू गेलं.

"आरा बेटा, आरा," मामा खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "अब तीन महिने पहलेसे बोल. सब बोल."