बोकडं आणि बेस

पेठ गावातल्या नव्या कापड दुकानाच्या उद्घाटनाला जिनेशचा रॉक बँड वाजवणार होता आणि राजरत्नचा बँडमधला तो बहुतेक शेवटचा दिवस होता. दुकान जिनेशच्या वडिलांचं, बन्सीलालशेठचं. बँडचा सगळा खर्चही त्यांचाच. शेठ सकाळीच म्हणाले, "राजरत्न, राग मानू नको. जिनेशचं गिटार ऐकू येतं, स्वप्नाचे ड्रम ऐकू येतात. तुझं ते चार तारांचं काहीच कळत नाय. आज कळलं तर ठीक, नायतर दोघंच बास."

बेस गिटारचा खालचा सूर कानांपेक्षा पायांना आधी कळतो, असं राजरत्न सांगणार होता. पण तेवढ्यात त्याला दिसलं, की त्याचा स्पीकरच जागेवर नाही. सामान आणलेल्या टेम्पोवाल्याला त्याने फोन लावला.

"रामदासभाऊ, मोठं काळं खोकं कुठंय?"

"बेल्ह्याच्या बाजारात! बोकडं चढवायला पायरी लागत व्हती. लई झ्याक बसलं, राव."

"अहो, तो स्पीकर आहे!"

"आसं व्हय? मग आणतो की. बोकडांसकट."

कार्यक्रम बेसशिवाय सुरू झाला. मिनिटाला शंभर ठोक्यांचं गाणं दुसऱ्या कडव्यात एकशे पंधरावर गेलं. सुरांमध्ये रिकामी जागा दिसली की जिनेश ती गिटारने भरायचा. त्यामुळे स्वप्नाला ठोका कुठे द्यावा कळेना. पाहुणे खुर्च्यांवर मागे टेकून आइस्क्रीम खात होते.

चौथ्या गाण्याआधी टेम्पो आला. स्पीकरच्या दोन्ही कड्यांना एकेक बोकड बांधलेलं.

"सोडा लवकर!"

"गाठी आवळल्यात. आन् सुटली तर हायवेवर पळत्याल."

राजरत्न बेस गिटार घेऊन टेम्पोतच चढला. दुकानातून वायर ओढली. स्वप्नाच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर त्याने पहिला सूर नेमका ठेवला आणि पुढची जागा मोकळी सोडली. टेम्पोचा पत्रा घुमला. जिनेशने चमकून पाहिलं, हात आवरला आणि त्या मोकळ्या जागेत फक्त दोन फटके मारले. पुन्हा बेस, पुन्हा दोन फटके. खुर्च्यांखाली चपला हलू लागल्या. एक बोकड डोळे मिटून उभं राहिलं. टेम्पोच्या फाळक्याला टेकलेल्या शेठचा पाय आपोआप ठेका धरू लागला.

गाणं संपल्यावर शेठ ओरडले, "जिनेश, आत्ता वाजलं तुझं गिटार! आधी झोपला होतास काय?"

"पप्पा, ते राजरत्नमुळे..."

"त्याचं तर आत्ताबी काही ऐकू आलं नाय. खरी करामत टेम्पोची! तो आला आन् रंग चढला. रामदास, यापुढं दर कार्यक्रमाला टेम्पो असाच पायजे. खोकं, बोकडं, काही हलवायचं नाय."

राजरत्नने हळूच विचारलं, "आणि मी, काका?"

शेठनी क्षणभर विचार केला. "तू बी ये की. बोकडांपाशी कुणीतरी लागंलच."

शेठचं मत बदलण्याआधी राजरत्नने दोन्ही दोऱ्या हातात घेतल्या.